शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कोणतीहि गृहिणी सबंध पातेलें रिकामें करीत नाहीं. पळीनें चार शितें उचलावयाचीं, बोटांत दाबून पाहावयाचीं आणि निर्णय द्यावयाचा, एवढेंच तिचें शास्त्र. "शितावरून भाताची परीक्षा" ही म्हण मराठी घरांत इतकी रुळली आहे कीं तिच्या पोटांत एक अवघड प्रश्न दडलेला आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. थोड्यावरून सगळ्याविषयीं बोलण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळाला? पातेल्याच्या बाबतींत उत्तर सोपें आहे. तांदूळ एकाच पोत्यांतला, पाणी एकच, आंच एकच आणि मधून मधून ढवळणारी पळीहि तीच. म्हणून एक शीत दुसऱ्या शिताच्या वतीनें बोलूं शकतें. परंतु जेथें तांदूळ निरनिराळ्या पोत्यांतले आहेत, आंच कोठें मंद तर कोठें तीव्र आहे आणि ढवळणारें कोणीच नाहीं, तेथें चार शितांवर किती विश्वास टाकावा?

असें न ढवळलेलें पातेलें म्हणजे शेतांनीं भरलेला एकादा तालुका. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवरचें सावनेर हें गांव मराठी वाचकाला बहुधा एका दुःखद तारखेमुळें ठाऊक असतें. राम गणेश गडकरी यांचें देहावसान २३ जानेवारी १९१९ रोजीं तेथेंच झालें. परंतु त्या परिसराचा प्रपंच कापसावर आणि संत्र्यांवर चालत आला आहे. कोलार नदीच्या कांठची काळी, खोल जमीन आणि थोडें वर चढल्यावर लागणारी मुरमाड बरड जमीन यांत अंतर एका हांकेचें असलें तरी पिकांत फार मोठा फरक पडूं शकतो. एका वावरांतली पऱ्हाटी माणसाच्या छातीला लागते, तर धुऱ्यापलीकडची गुडघ्यालाहि पोंचत नाहीं. अशा ठिकाणीं "यंदा कापूस सरासरीनें किती आला?" असा प्रश्न निघाला, म्हणजे तो जिज्ञासेचा प्रश्न राहत नाहीं. त्याच्या उत्तरावर पूर्वी शेतसाऱ्याची सूट अवलंबून असे, व्यापाऱ्याची खरेदी अवलंबून असे, आणि दुष्काळांत तर धान्य कोठून कोठें न्यावयाचें हेंहि अवलंबून असे. आज पीकविम्याची भरपाई त्यावर अवलंबून आहे. या एका प्रश्नाचें उत्तर माणूस कसें देत आला आणि त्या उत्तराची कसोटी कशी पाहूं लागला, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. शिवाय त्यांत मराठी माणसांचा वांटाहि मोठा आहे.

पूर्वीच्या काळीं हें उत्तर नजर देत असे. इंग्रजी अमदानींत रूढ झालेली रीत थोडक्यांत अशी होती. पटवाऱ्याच्या कागदांवरून पेरलेलें क्षेत्र घ्यावयाचें, त्याला एकरीं सामान्य पिकानें गुणावयाचें, आणि यंदाचें पीक त्या सामान्य पिकाच्या किती आणे आहे हें ठरवून संख्या त्या प्रमाणांत बदलावयाची. या शेवटच्या आंकड्यालाच आणेवारी म्हणत. रुपयाचें दशमान नाणें १९५७ सालीं आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली. या तीन आंकड्यांपैकीं पहिला बऱ्याच अंशीं भरंवशाचा होता, कारण जमिनीची मोजणी झालेली होती आणि पटवारी गांवांतच असे. दुसरा आणि तिसरा हे मात्र अंदाजाचे होते. वरिष्ठ अधिकारी घोड्यावरून शिवार पाहून जाई, गांवचे जाणते लोक आपलें मत सांगत, आणि या दोहोंच्या मध्यें कोठें तरी एक संख्या ठरे. अधिकाऱ्याचें लक्ष वसुलीवर, शेतकऱ्याचें सुटीवर. दोघेहि प्रामाणिक असले तरी एकाच वावराकडे पाहून एकाला बारा आणे दिसत, दुसऱ्याला आठ. यांतील खरें कोणाचें, हें सांगण्याचें साधन दोघांपाशींहि नव्हतें.

कांहीं ठिकाणीं पीक प्रत्यक्ष कापून तोलून पाहण्याचे प्रयोगहि होत असत. नजरेपेक्षां तराजू बरा, यांत शंका नाहीं. पण तराजूपर्यंत कोणतें शेत न्यावयाचें हें पुन्हां नजरच ठरवी. अधिकाऱ्यानें सर्वसाधारण दिसणारें एक शेत निवडावें आणि त्यांतील तुकडा कापावा, अशी पद्धत होती. या पद्धतींत एक वर्तुळ आहे. कोणतें शेत सर्वसाधारण, हें ठरविण्यासाठीं सर्वसाधारण पीक किती हें आधींच ठाऊक असावें लागतें. आणि तें ठाऊक असेल तर कापणीचा खटाटोप कशाला? अशा रीतीनें निवडलेलें शेत तालुक्याविषयीं फार थोडें सांगे; निवडणाऱ्याच्या मनांतला पूर्वग्रह मात्र तें चोख तोलून दाखवी.

हें वर्तुळ हिंदुस्थानांतच एका मुलकी अधिकाऱ्यानें तोडलें. बिहार-ओरिसा प्रांतांत जमाबंदीच्या कामावर असलेले जे. ए. हबॅक यांनीं १९२३ ते १९२५ या काळांत भाताच्या पिकावर कापणीचे प्रयोग केले. एक लहानशी त्रिकोणी चौकट घ्यावयाची आणि तिच्यांत येईल तेवढें पीक कापून तोलावयाचें, हें त्यांचें तंत्र. खरी नवलाई होती ती जागेच्या निवडींत. जागा डोळ्यांनीं निवडावयाची नाहीं, ती योगायोगावर सोंपवावयाची, हा त्यांचा नियम. त्यांचा वृत्तांत पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेनें १९२७ सालीं प्रसिद्ध केला. हबॅक हे पुढें १९३६ सालीं ओरिसाचे पहिले गव्हर्नर झाले. तरी संख्याशास्त्राच्या इतिहासांत त्यांचें नांव राहिलें तें त्या चौकटीमुळें. विलायतेंत रॉथॅम्स्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रांत काम करणारे प्रख्यात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनीं आपल्या पद्धतीवर हबॅक यांच्या प्रयोगांचा परिणाम झाल्याचें मान्य केलें आहे.

निवड चिठ्ठी टाकल्यासारखी करावयाची, असें म्हटल्यावर प्रथमदर्शनीं मन कचरतें. जाणत्या माणसाची नजर बाजूला ठेवून आंधळ्या योगायोगाला न्यायासनावर बसवावयाचें, हें कसें? पण योगायोगाला एक गुण आहे, जो जाणत्या माणसाला नाहीं. त्याला हितसंबंध नसतो. तो काळ्या जमिनीला झुकतें माप देत नाहीं आणि बरड जमिनीची कींव करीत नाहीं. शिवाय योगायोगाचें गणित मांडतां येतें, पूर्वग्रहाचें मांडतां येत नाहीं. चिठ्ठीनें निवडलेल्या दहा शेतांची सरासरी खऱ्या सरासरीपासून किती भरकटूं शकेल, हें सांगण्याचा मार्ग खुला होतो. हा मार्ग मात्र बिहारमध्यें सांपडला नाहीं. तो आधींच आयर्लंडमध्यें, मद्य तयार करणाऱ्या एका कारखान्यांत सांपडला होता.

डब्लिनच्या गिनेस कंपनींत १८९९ सालीं विल्यम सीली गॉसेट नांवाचा एक तरुण रसायनवेत्ता नोकरीस लागला. कंपनीला जव लागत असे, आणि कोणत्या जातीचा जव अधिक पिकतो, कोणता मद्याला अधिक चांगला, हें ठरविण्यासाठीं ठिकठिकाणीं प्रयोग चालत. प्रत्येक प्रयोगाला खर्च आणि वेळ लागणार. म्हणून हातीं येणारे आंकडे थोडे, कधीं चार, कधीं दहा. त्या काळच्या संख्याशास्त्राचे नियम मोठ्या संख्यांसाठीं केलेले होते. शेंकडों मोजमापें असतील तर त्यांच्या सरासरीचा भरंवसा किती हें तें शास्त्र सांगे; चारच असतील तर तें गप्प बसे, किंवा त्याहून वाईट म्हणजे फाजील आत्मविश्वासानें बोले. थोड्या मोजमापांवरून एक तर सरासरी काढावयाची असते, आणि त्याच थोड्या मोजमापांवरून त्यांची आपसांतील फारकतहि काढावयाची असते. ही दुसरी संख्याहि डळमळीत असते, हें पूर्वीचे नियम हिशेबांत धरीत नसत.

गॉसेट यांनीं १९०६-०७ मध्यें लंडनला कार्ल पीअर्सन यांच्या प्रयोगशाळेंत राहून या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. आपलें गणित बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांनीं जी युक्ति केली ती घरबसल्या कोणालाहि समजेल अशी आहे. तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांचीं मोजमापें प्रसिद्ध झालेलीं होतीं. तीं त्यांनीं तितक्याच पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिलीं, तुकडे पत्त्यांप्रमाणें नीट पिसले, आणि चार चारांचे गट पाडले. असे ७५० गट झाले. तीन हजारांची खरी सरासरी ठाऊक होती. आतां चौघांची सरासरी तिच्यापासून कितीदां, किती अंतरावर जाते, हें मोजतां येऊं लागलें. गणितानें भाकित केलें होतें त्याच्याशीं ही मोजदाद जुळली. हा निबंध मार्च १९०८ मध्यें 'बायोमेट्रिका' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. कारखान्याच्या नोकरांनीं स्वतःच्या नांवानें लिहूं नये असा कंपनीचा दंडक असल्यामुळें त्याखालीं लेखकाचें नांव होतें 'स्टूडंट', म्हणजे विद्यार्थी. आज जगांतल्या प्रत्येक विद्यापीठांत शिकविली जाणारी ही कसोटी त्या टोपण नांवानेंच ओळखली जाते.

कसोटीचें मर्म दोन वाक्यांत सांगतां येतें. मिळालेली सरासरी आणि दावा केलेली सरासरी यांतील अंतर किती, हें आधीं पाहावयाचें. मग तें अंतर, नमुन्यांतील आंकड्यांच्या आपसांतल्या फारकतीच्या मानानें आणि नमुन्याच्या संख्येच्या मानानें मोठें आहे कीं लहान, हें कोष्टकाशीं ताडून ठरवावयाचें. आंकडे एकमेकांना धरून असतील तर थोडें अंतरहि बोलकें ठरतें. आंकडे इकडे तिकडे पसरलेले असतील तर मोठें अंतरहि मुकें राहतें. पिकाचे आंकडे मधोमध दाट आणि दोन्ही कडांना विरळ, अशा घंटेच्या आकारानें साधारणपणें पसरलेले असावेत, एवढी अट त्यामागें आहे.

फिशर यांनीं या कसोटीचें गणित पक्कें केलें आणि १९२५ सालीं संशोधकांसाठीं लिहिलेल्या आपल्या ग्रंथांतून ती घरोघर, निदान प्रयोगशाळे-प्रयोगशाळेंत, पोंचविली. निव्वळ योगायोगानें शंभरांत पांचदांहून कमी वेळां घडेल असें अंतर दिसलें तर त्याकडे लक्ष द्यावें, हा संकेत त्या ग्रंथानें रूढ केला. पुढें १९३३ सालीं जर्झी नेमन आणि कार्ल पीअर्सन यांचे चिरंजीव ईगॉन पीअर्सन यांनीं एक महत्त्वाची गोष्ट पुढें मांडली. अशा निर्णयांत चूक एकाच प्रकारची नसते, दोन प्रकारची असते. दावा खरा असतां तो खोटा ठरविणें ही एक. आणि दावा खोटा असतां त्याला हात न लावणें ही दुसरी. पहिलीला जपावें तों दुसरी वाढते. ज्यानें नमुना लहान घेतला त्याला दोन्ही चुका एकदम टाळतां येत नाहींत.

याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत एक मराठी विद्यार्थी येऊन दाखल झाला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं २७ जुलै १९११ रोजीं झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून १९३२ सालीं पदवी घेऊन ते विलायतेस गेले आणि १९३६ सालीं लंडन विद्यापीठाचे डॉक्टर झाले. नेमन आणि ईगॉन पीअर्सन यांच्या सान्निध्यांत त्यांनीं जें शास्त्र आत्मसात केलें, तें स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं हिंदी शेताच्या बांधावर आणून उभें केलें. १९४० सालीं ते दिल्लीच्या शेतकी संशोधन मंडळांत रुजू झाले. लवकरच बंगालमध्यें १९४३ चा भीषण दुष्काळ ओढवला, आणि देशांत धान्य किती पिकतें याचा विश्वसनीय आंकडा हातीं नसणें म्हणजे काय, याचा जीवघेणा अनुभव सर्वांना आला. सुखात्मे यांनीं गहूं आणि भात यांच्या पिकासाठीं जिल्ह्या-जिल्ह्यांतून चिठ्ठीच्या निवडीवर आधारलेल्या कापणीच्या पाहण्या सुरू केल्या. आधीं तालुका, तालुक्यांतून गांवें, गांवांतून शेतें आणि शेतांतून एक तुकडा, अशी पायरी-पायरीनें निवड. आणि प्रत्येक पायरीवर चिठ्ठी.

कापसाची गोष्ट मात्र निराळी होती. गव्हाच्या तुकड्याला एकदां विळा लावला कीं काम संपतें. कापसाचीं बोंडें एकदम फुटत नाहींत. वेचणी तीन-तीन, चार-चार वेळां करावी लागते. तेव्हां निवडलेला तुकडा खुंट्या-दोरीनें पक्का आंखून ठेवावयाचा, प्रत्येक वेच्याच्या वेळीं हजर राहावयाचें, आणि सर्व वेच्यांचें वजन एकत्र करावयाचें, इतका व्याप त्यांत आहे. या कामांत दोन नांवें पुढें येतात. एक, इंदूरच्या वनस्पति-संशोधन संस्थेंत काम करणारे विनायक गोविंद पानसे. दुसरें, रॉथॅम्स्टेड येथें नमुना-निवडीचा अभ्यास करून आलेले आर. जे. कळमकर. १९४४-४५ च्या सुमारास त्यांनीं मध्यप्रांत-वऱ्हाडांतील कापसाच्या पाहणीविषयीं लिहिलेलीं टिपणें 'करंट सायन्स' या मासिकांतून प्रसिद्ध झालीं. पानसे आणि सुखात्मे यांनीं मिळून शेतकी कार्यकर्त्यांसाठीं लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ सालीं बाहेर पडला. शेतकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या.

या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद प्रकरण म्हणजे तुकड्याच्या आकाराचा वाद. कलकत्त्यास प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं १९३१ सालीं संख्याशास्त्राची संस्था स्थापन केली होती, आणि बंगालमधील त्यांच्या पाहण्यांत अगदीं लहान वर्तुळांतील पीक कापण्याची पद्धत होती. लहान तुकडा कापण्यास स्वस्त. म्हणून तेवढ्याच पैशांत पुष्कळ तुकडे कापतां येतात, हा त्यामागचा विचार. सुखात्मे यांनीं एकाच शेतांत मोठे आणि लहान तुकडे कापून त्यांच्या सरासऱ्या शेजारीं शेजारीं ठेवल्या. त्यांना असें आढळलें कीं तुकडा जितका लहान, तितकी एकरीं सरासरी फुगलेली. हें अंतर योगायोगाच्या मर्यादेंत बसणारें नव्हतें. कारण साधें होतें. वर्तुळाच्या कडेवर उभें असलेलें झाड आंत धरावयाचें कीं बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे माणसाचा हात नकळत तें आंत ओढतो. मोठ्या तुकड्यांत कडेचीं झाडें एकंदर झाडांच्या मानानें थोडीं. लहान तुकड्यांत तींच पुष्कळ. हा निष्कर्ष १९४६ सालीं 'नेचर' या जगप्रसिद्ध साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला आणि त्यावर पुढें बराच वाद झाला. त्यांतून निघालेला धडा असा कीं, चुका दोन कुळांच्या असतात. योगायोगाची चूक नमुना वाढविला कीं कमी होते. झुकत्या मापाची चूक लाख तुकडे कापले तरी तशीच राहते. उलट मोठ्या संख्येच्या प्रतिष्ठेमुळें ती अधिकच खरी वाटूं लागते.

आतां हें सर्व शास्त्र सावनेरच्या शिवारांत उतरवून पाहूं. पुढील आंकडे केवळ समजुतीसाठीं कल्पिलेले आहेत. समजा, एका महसूल मंडळांत कपाशीचें सरासरी पीक हेक्टरीं १० क्विंटल आहे, असा कोणाचा दावा आहे. चिठ्ठ्या टाकून दहा शेतें निवडलीं, वेचे तोलले, आणि हेक्टरीं क्विंटलांत पीक आलें तें असें : ६, ११, ८, १३, ७, ९, १२, ५, ११ आणि ८. बेरीज ९०, सरासरी ९. दाव्याहून एक क्विंटल कमी. तेवढ्यावरून दावा खोटा म्हणावयाचा काय?

प्रत्येक आंकडा ९ पासून किती दूर आहे तें पाहून त्या अंतरांचे वर्ग केले तर त्यांची बेरीज ६४ होते. नमुन्याच्या संख्येहून एक कमी, म्हणजे ९ ने तिला भागून वर्गमूळ काढलें कीं २.६७ येतात, ही झाली शेता-शेतांतील फारकत. पण कसोटी एका शेताची नाहीं, दहांच्या सरासरीची आहे, आणि सरासरी ही एकेकट्या शेतापेक्षां कमी हेलकावते. म्हणून २.६७ ला १० च्या वर्गमूळानें भागावयाचें. उत्तर सुमारें ०.८४. हा सरासरीचा स्वाभाविक हेलकावा. दाव्यापासूनचें अंतर १, हेलकावा ०.८४, म्हणजे अंतर हेलकाव्याच्या १.१९ पट. गॉसेट आणि फिशर यांच्या कोष्टकाप्रमाणें, दावा खरा असतांहि दहा शेतांच्या नमुन्यांत ही पट निव्वळ योगायोगानें २.२६ च्या पलीकडे शंभरांत पांच वेळां जाते. १.१९ हें तिच्या पुष्कळच अलीकडे आहे. तेव्हां या दहा शेतांच्या साक्षीवरून दावा खोटा ठरवितां येत नाहीं.

येथेंच पुष्कळांचा पाय घसरतो. दावा खोटा ठरला नाहीं, म्हणजे तो खरा ठरला, असें नव्हे. त्याच दहा शेतांना उलटा प्रश्न विचारला, "खरी सरासरी कोठून कोठपर्यंत असूं शकेल?", तर तीं सांगतात : सुमारें ७.१ पासून १०.९ पर्यंत. या टप्प्यांत १० बसतात हें खरें, पण ८ देखील तितक्याच ऐटीनें बसतात. दहा शेतांनीं दिलेला निकाल "दावा सिद्ध" असा नाहीं, "पुरावा अपुरा" असा आहे. फारकत तीच राहून शेतें चाळीस असतीं आणि सरासरी ९ च आली असती, तर हेलकावा ०.४२ झाला असता, अंतर त्याच्या २.३७ पट भरलें असतें, आणि कोष्टकांतील २.०२ ची मर्यादा ओलांडून दावा कोसळला असता. फरक तोच एक क्विंटलाचा. दहांच्या तोंडीं तो कुजबुज, चाळिसांच्या तोंडीं तो साक्ष. आणि एक हिशेब ध्यानांत ठेवण्यासारखा आहे : हेलकावा निम्मा करावयाचा तर शेतें चौपट कापावीं लागतात. खात्री विकत मिळते, पण तिचा भाव चढता आहे.

हा हिशेब केवळ वर्गांतला नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या नियमावलींत मुख्य पिकांसाठीं पीककापणी प्रयोगांची किमान संख्या ठरविण्यांत आली. जिल्हा घटक असेल तर २४, तालुका असेल तर १६, महसूल मंडळ असेल तर १० आणि ग्रामपंचायत असेल तर ४. त्या प्रयोगांची सरासरी उंबरठा उत्पन्नाशीं ताडून पाहावयाची. मागील सात वर्षांतील उत्तम पांच वर्षांची सरासरी घेऊन तिला ठरलेल्या जोखीमस्तरानें गुणलें कीं उंबरठा उत्पन्न निघतें. यंदाची सरासरी त्याच्या खालीं गेली तर कमी पडलेल्या प्रमाणांत भरपाई. वर राहिली तर त्या हिशेबांत कांहीं नाहीं.

आतां वरच्या कल्पित मंडळाचा उंबरठा साडेआठ क्विंटल धरावा. दहा शेतांची सरासरी ९ आली, उंबरठा ओलांडला गेला, भरपाई शून्य. पण त्याच मंडळांत, त्याच हंगामांत, चिठ्ठ्या पुन्हां टाकल्या असत्या आणि दुसरीं दहा शेतें निघालीं असतीं, तर सरासरी ८ येणें मुळींच अशक्य नव्हतें. आणि मग त्याच शेतकऱ्यांच्या खात्यांत रक्कम जमा झाली असती. पीक बदललें नाहीं, पाऊस बदलला नाहीं, बदलली ती फक्त चिठ्ठी. उलटहि घडूं शकतें. खरें पीक बरें असतां भरपाई मिळून जाते. म्हणजे नेमन आणि पीअर्सन यांनीं सांगितलेल्या दोन चुका येथें दोन कुटुंबांच्या घरीं जाऊन बसतात. आणि ग्रामपंचायतीला चारच प्रयोग म्हटलें म्हणजे गॉसेट यांचे ते चार चार पुठ्ठ्यांचे गट आठवल्याविना राहत नाहींत. एवढ्या फारकतीच्या पिकांत चार शेतांच्या सरासरीला खालीं-वर सुमारें सव्वाचार क्विंटलांची मोकळीक द्यावी लागते. ९ म्हटलें तर खरें पीक पांचाच्या आंतहि असूं शकेल आणि तेराच्या वरहि.

यावरून पुन्हां नजरेच्या अंदाजाकडे वळावें असा अर्थ कोणी काढील तर तो मात्र चुकेल. घोड्यावरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा आणि गांवच्या जाणत्यांचा अंदाज कितीनें चुकतो, हें मुळीं सांगतांच येत नसे; म्हणून तो वरवर ठाम दिसे. चिठ्ठीनें निवडलेलीं दहा शेतें स्वतःच आपली चूक किती असूं शकेल हें सांगतात. हा त्यांचा दुबळेपणा नव्हे, हाच त्यांचा प्रामाणिकपणा. दोष आहे तो ऐकणाऱ्याचा. तो सरासरी तेवढी टिपून घेतो आणि तिच्या मागोमाग येणारा हेलकावा कागदावरून गाळून टाकतो. हबॅक यांनीं निवडींतून हितसंबंध काढून टाकला, गॉसेट यांनीं थोड्या आंकड्यांना त्यांची मर्यादा सांगण्याची भाषा दिली, सुखात्मे यांनीं झुकतें माप नमुना वाढवून सरळ होत नाहीं हें दाखविलें. यांपैकीं एकालाहि विसरून काढलेली सरासरी ही आणेवारीचीच नवी आवृत्ति होय, मग ती दशांश चिन्हानंतर कितीहि आंकडे मिरवो.

म्हणून तालुक्याच्या पिकाचा आंकडा कानीं आला म्हणजे सुशिक्षित माणसानें तीन प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी. शेतें कोणी आणि कशीं निवडलीं? किती निवडलीं? आणि या संख्येच्या खालीं-वर किती मोकळीक धरावयाची? तीन्हींचीं उत्तरें मिळालीं तर आंकडा मानावा. पहिल्याचेंच उत्तर मिळालें नाहीं तर पुढचीं दोन विचारण्याचें कारण नाहीं. घरांतील गृहिणीची परीक्षा खरी ठरते, कारण तिनें शीत उचलण्यापूर्वी भात ढवळलेला असतो. शेतें ढवळतां येत नाहींत. तेथें ढवळण्याचें काम चिठ्ठीला करावें लागतें, आणि शितें किती उचललीं हें सांगितल्यावांचून भात शिजल्याची ग्वाही कोणी देऊं नये.